आईचं हाड ठिसूळ झालंय: झीज थांबवणारं औषध घेतलं तर दुरुस्तीही थांबणार का?

शाहूपुरीची_लेक
नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची आहे. दिवाळीआधी न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून हातावर पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, आता पोळ्या लाटते, पण हाडांच्या डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घेतला. टी-स्कोअर कमरेच्या मणक्यांचा उणे २.९ आणि खुब्याचा उणे २.६. त्यांनी डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन सुचवलंय, दर सहा महिन्यांनी एक. म्हणाले, "हाडाची झीज थांबेल."

माझा गोंधळ इथेच झाला. हाड आयुष्यभर थोडं थोडं मोडून पुन्हा बांधलं जातं, आणि त्यामुळेच ते धड राहतं, असं मी वाचलंय. मग मोडणंच थांबवलं तर जुनं, तडे गेलेलं हाड तसंच राहणार ना? भाऊ म्हणतो, कॅल्शियमच्या गोळ्या पुरेत. मावशीने पायाचं सूप सुरू केलंय. मला डॉक्टर बदलायचे नाहीत. फक्त हे नीट समजून घ्यायचंय.

तांबडा_रस्सा
आईंना लवकर आराम पडो. माझं एक मत मावशींना. आमच्याकडे हातपाय मोडला की मटणाच्या दुकानात पाय सांगून ठेवायचे, हा नियमच आहे.

नागाळापार्क
पाया सूप चवीला उत्तम, पण हाडातलं कॅल्शियम तासभर उकळून रश्श्यात फारसं उतरत नाही. त्यापेक्षा गंगावेशीत जाऊन धारोष्ण दुधाचा एक ग्लास घ्या, त्यात कितीतरी जास्त मिळेल.

तांबडा_रस्सा
दूध कट्ट्याला माझी ना नाही. दोन्ही घेऊ की.

फिजिऑलॉजीवाली
ताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. मी मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. उपचार तुमचे डॉक्टर ठरवतील. आत काय चालतं तेवढं सांगते.

मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी नव्याने घडतो. मणक्यांतलं आणि खुब्यातलं जाळीदार हाड भराभर बदलतं, तर मांडीच्या हाडाचं बाहेरचं टणक कवच फार सावकाश. हे काम एकाच वेळी लाखो बारीक बारीक ठिकाणी सुरू असतं. शहरात रस्त्याचं काम निघतं तसंच समजा: एक टोळी खणते, दुसरी भरते.

खणणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. त्या रक्तपेशींच्याच कुळातल्या, मोठ्या, एकेकीत अनेक केंद्रकं असलेल्या. हाडाला चिकटतात, चारी कडा गच्च बंद करतात आणि त्या बंद जागेत आम्ल सोडतात. आम्लाने खनिज विरघळतं, मग विकरं कोलॅजन, म्हणजे हाडातलं चिवट प्रथिन, तोडतात. एका जागी हे दोन-तीन आठवडे चालतं. मग भरणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, त्या खड्ड्यात कोलॅजनचे थर घालतात आणि त्यांवर कॅल्शियम-फॉस्फेट बसतं. याला तीन-चार महिने लागतात. खणणं झटपट आणि भरणं सावकाश, हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

शरीर हा खटाटोप करतं त्याची मोठी कारणं दोन. रोजच्या वापराने हाडात डोळ्यांना न दिसणारे तडे जातात, तो तुकडा काढून नवा बसवावा लागतो. दुसरं, शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, आणि रक्तातली पातळी घसरली की तिथूनच काढून द्यावं लागतं. कुठे खणायचं हे ठरवण्यात मोठा हात ऑस्टिओसाइट पेशींचा. या भरणाऱ्या पेशींतूनच हाडात गाडल्या गेलेल्या, बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. ताण कुठे पडला, तडा कुठे गेला, ते त्यांना कळतं.

लाल_माती
मॅडम, लई भारी सांगितलंसा. फकस्त आमच्या गल्लीत खणणारी टोळी येळेवर येती आणि भरणारी पावसाळा झाल्यावर. :)

फिजिऑलॉजीवाली
लाल_माती, हसू आलं, पण ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, नेमका हाच. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन घटतं. खणणाऱ्या पेशी तयार व्हायला रँकल नावाचा एक निरोप लागतो. तो भरणाऱ्या पेशींच्या कुळातून आणि ऑस्टिओसाइटकडून जातो, आणि इस्ट्रोजेन त्याला आवर घालत असतं. आवर सुटला की एकदम जास्त ठिकाणी खणायला सुरुवात होते, खणणाऱ्या पेशी जगतातही जास्त दिवस आणि खड्डे खोल जातात. भरणाऱ्यांना तो वेग गाठता येत नाही. दर खेपेला थोडंसं कमी भरलं जातं.

जाळीदार हाडात याचा फटका सर्वांत मोठा. तिथले दांडे आधीच बारीक. एखादा दांडा खणताना आरपार तुटला की नवं हाड बसवायला आधारच उरत नाही. तो जोड कायमचा गेला. म्हणून पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-दहा वर्षं फार महत्त्वाची, आणि मनगट व मणके आधी मोडतात. पुरुषांत हे सावकाश आणि उशिरा होतं, पण होतं.

कळंबा_तलाव
मी वेगळं बोलणार आहे, राग नसावा. माझी आजी नव्वदीपार जगली. तिला डेक्सा माहीत नव्हता, टी-स्कोअर माहीत नव्हता. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ कुणी ठरवली? उद्या उणे २ केली तर निम्म्या कोल्हापुरातल्या बायका आजारी ठरतील. म्हातारपण आलं की हाडं झिजणारच.

नागाळापार्क
रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ साली ठरवली. तरुण निरोगी माणसांच्या सरासरीच्या मानाने तुमचं हाड किती खाली, एवढंच ती सांगते.

फिजिऑलॉजीवाली
कळंबा_तलाव, रेघ माणसांनी आखलेली आहे, हे तुमचं बरोबर. ज्यांची हाडं मोडतात त्यांतल्या बऱ्याच जणांचा स्कोअर उणे २.५ पर्यंत गेलेलाही नसतो. म्हणून नुसत्या आकड्यावर जात नाहीत. वय, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइड, तंबाखू, हे सगळं धरून पुढच्या दहा वर्षांतला धोका काढतात. शेफील्ड विद्यापीठाचं फ्रॅक्स हे त्यासाठीचं साधन २००८ पासून वापरात आहे, त्यात भारताचा पर्यायही आहे. पण या ताईंच्या आई उभ्या उंचीवरून पडल्या आणि हाड मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडलेलं हाड आकड्याच्या आधीच सगळं सांगून जातं.

एक विचारते. तुमच्या आजी शेवटी वाकल्या होत्या का? उंची कमी झाली होती?

कळंबा_तलाव
व्हय. पार काटकोनात वाकली होती. आम्ही म्हणायचो, चुलीपुढं बसून बसून झालंय.

परकर_शिवणारी
हे वाचून लिहितेय. सासूबाईंचे परकर मीच शिवते. माप वर्षानुवर्षं तेच. मग एकदा म्हणाल्या, परकर लांब झालाय, पायात येतोय. कापड आटेल, लांब कसं होईल? दोन बोटं वर घेऊन नेफा पुन्हा घातला. पुढच्या वर्षी परत तेच. पाठ दुखायची, त्या म्हणायच्या गॅस झालाय. शेवटी एक्स-रे काढला तर दोन मणके पाचरीसारखे पुढून दबलेले. पडल्या कधीच नव्हत्या.

फिजिऑलॉजीवाली
ताई, तुमचा हा परकर सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. मणक्यांची साधारण दोन तृतीयांश फ्रॅक्चरं वेळेवर ओळखलीच जात नाहीत. पाठ धरली, वय झालं, म्हणून सोडून देतात. आणि एक मणका दबला की दुसरा दबायचा धोका कितीतरी वाढतो.

कळंबा_तलाव
आजीचं आता कळून काय उपयोग. पण आईची उंची आज मोजतो.

लाल_माती
मॅडम, आमच्या तालमीतले जुने वस्ताद पंचाहत्तरीचे हायत. पाठ अजून ताठ. जोर-बैठकांचा गुण म्हणायचा का दुधातुपाचा?

फिजिऑलॉजीवाली
एका माणसावरून सांगता येणार नाही, पण जोराचा वाटा नक्की असतो. ज्यूलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली मांडलं की ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने हाड स्वतःला घडवतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. माणूस तोच, जेवण तेच, फरक फक्त भाराचा. उलट अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड दर महिन्याला १ ते १.५ टक्के घटतं, कारण तिथे वजनच पडत नाही.

मागची यंत्रणा आता बरीच कळली आहे. ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडतात, ते भरणाऱ्या पेशींना थोपवून धरतं. हाडावर भार आला की स्क्लेरोस्टिन कमी होतं आणि भरणं सुरू होतं. तरुणपणी कमावलेलं हाड पुढे कामी येतं. तिशीच्या आसपास साठा सर्वांत जास्त, तिथून उतार. त्यामुळे तालमीत पोरांबरोबर पोरीही आल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

लाल_माती
येतात की आता! आमच्याकडं पहाटे पोरींची बॅच हाय.

रंकाळ्यावर_पोहणारा
मग पोहणं? मी तरुणपणापासून पोहतोय.

फिजिओ_राजारामपुरी
काका, हृदयाला आणि स्नायूंना पोहणं फार चांगलं. हाडाला मात्र पाण्यात भार कमी मिळतो. जोडीला चालणं, जिना चढणं, थोडं वजन उचलणं ठेवा.

शाहूपुरीची_लेक, आईंसाठी: फक्त चालणं पुरणार नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर तोल सांभाळणं, पाठीच्या स्नायूंचे व्यायाम, हे कुणाच्या तरी देखरेखीखाली सुरू करा. पुढे वाकून पायाचे अंगठे धरणं आणि कंबर पिळण्याची आसनं करू देऊ नका, त्याने मणका दबू शकतो. वाकून पाण्याची घागर उचलणंही बंद. आणि तो न्हाणीचा उंबरा! तिथे धरायला दांडी बसवा, रात्री दिवा ठेवा, घरातली सटकणारी पायपुसणी आजच काढा. हाड कितीही ठिसूळ असलं तरी मनगट आणि खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यावरच.

जोतिबा_डोंगर
एक कडू अनुभव. वडील गुडघ्यांसाठी एका माणसाकडून पुड्या आणायचे, "शंभर टक्के वनस्पती" म्हणून. दोन दिवसांत चालायला लागले, आम्ही खूश. मग चेहरा सुजला, साखर वाढली आणि शेवटी कमरेचा मणका दबला. डॉक्टरांनी पुडी बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, यात स्टिरॉइड असणार, किती दिवस घेताय? गावात अजून लोक त्याच माणसाकडे रांग लावतात.

फिजिऑलॉजीवाली
फार वाईट वाटलं. हे सांगितलंत ते बरं केलंत. स्टिरॉइडने भरणाऱ्या पेशी मरतात आणि उरलेल्या मंदावतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच फ्रॅक्चरचा धोका वाढायला लागतो. दमा, संधिवात यांसाठी डॉक्टर स्टिरॉइड देतात तेव्हा त्याची गरज असते, ते अचानक सोडायचं नाही. फक्त हाडांचं काय, हे डॉक्टरांना विचारायचं. चिठ्ठीविना, नाव नसलेल्या पुड्या मात्र घरात येऊ देऊ नका.

ऊसपट्टा
अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. ऊसतोडीला बीड भागातून ज्या बायका येतात त्यांच्यात कमी वयात पिशवी काढण्याचं प्रमाण किती, यावर २०१९ मध्ये बरीच चर्चा झाली. तिशी-पस्तिशीतल्या बाया. यांच्या हाडांचं पुढे काय?

फिजिऑलॉजीवाली
मोलाचा मुद्दा. नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली तर इस्ट्रोजेन बराच काळ चालू राहतं, तरी पाळी जाण्याचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं. अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं. पन्नाशीत व्हायची ती वेगाची झीज पस्तिशीत सुरू होते, त्यात डोक्यावर मोळी आणि जेवणाची आबाळ. अशा बाईने ऑपरेशनच्या कागदावर अंडाशयं काढली का, हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं आणि डॉक्टरांशी हार्मोन व हाडं दोन्हींबद्दल बोलावं. याचं दुःख आणि राग मला शिकवत असल्यापासून आहे.

शाहूपुरीची_लेक
सगळे इतकं मनापासून लिहिताय, खूप आधार वाटतोय. पण माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. खणणं थांबवलं तर दुरुस्तीचं काय?

फिजिऑलॉजीवाली
हो, त्याकडेच येते. तुमची शंका खरी आहे. खणणं अजिबात बंद पडलं तर काय होतं, हे निसर्गानेच दाखवलंय. ऑस्टिओपेट्रोसिस हा जन्मजात आजार, यात ऑस्टिओक्लास्ट कामच करत नाहीत. एक्स-रेवर हाडं पांढरीशुभ्र, घट्ट दिसतात आणि तरी पटकन मोडतात. मज्जेलाही जागा उरत नाही. म्हणजे घनता जास्त म्हणून हाड चांगलं, असं नाही.

पण आईंच्या वयात खणणं गरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढलेलं असतं. औषध ते खाली आणतं. अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड ही बिस्फॉस्फोनेट कुळातली औषधं हाडाच्या खनिजाला चिकटून बसतात. ऑस्टिओक्लास्ट तिथे खणायला आली की औषध तिच्या पोटात जातं आणि ती निकामी होते. दुरुस्ती मंदावते, पण पूर्ण थांबत नाही. आधीचे उघडे खड्डे भरून निघायला वेळ मिळतो आणि आहे त्या हाडात खनिज अधिक पक्कं बसतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षातून एकदा झोलेड्रोनिक दिल्यावर तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चरं ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली.

तुम्ही म्हणता तो तोटा वर्षानुवर्षं औषध चालू ठेवल्यावर क्वचित दिसतो: मांडीच्या हाडाला आडवी चीर जाते, काहींना आधी मांडीत किंवा जांघेत दुखतं. जबड्याचं हाड न भरणं हाही तसाच दुर्मीळ त्रास. म्हणूनच गोळ्या साधारण पाच वर्षं किंवा सलाइन तीन वर्षं झाल्यावर डॉक्टर फेरविचार करतात आणि धोका कमी असेल तर काही काळ सुट्टी देतात. औषध हाडात साठलेलं असल्याने सुट्टीतही असर राहतो.

भरणं वाढवणारी औषधंही आहेत. टेरिपॅराटाइड रोज टोचायचं. गंमत अशी की पॅराथायरॉइडचं हेच हार्मोन सतत जास्त राहिलं तर हाड पोखरतं, आणि दिवसातून एकदा थोडा वेळ चढून उतरलं तर हाड बांधतं. फार कमी स्कोअर किंवा दबलेले मणके असतील तर डॉक्टर याचा विचार करतात.

आणि भावाला सांगा, कॅल्शियम म्हणजे भरायचा माल. तो हवाच, पण खणणाऱ्यांना तो आवरत नाही.

मुक्काम_पुणे
मूळचा मंगळवार पेठेतला, म्हणून डोकावतो. डेनोसुमॅबबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. माझ्या आत्याला हेच इंजेक्शन चालू होतं, छान फरक पडला होता. मग तारीख आली तेव्हा घरात लग्न, पुढे मुलाची बदली, "आता स्कोअर सुधारलाय" म्हणून राहूनच गेलं. वर्षाच्या आत एकामागून एक मणके दबले. हे थांबवताना काय करायचं, ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

फिजिऑलॉजीवाली
मुक्काम_पुणे यांनी सर्वांत कामाचं लिहिलं. डेनोसुमॅब ही रँकलला पकडून ठेवणारी प्रतिपिंडं. हाडात साठत नाही. सहा महिन्यांनी असर ओसरला की अडवून ठेवलेल्या खणणाऱ्या पेशी एकदम कामाला लागतात. औषध चांगलं आहे, मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना तर पुष्कळदा हेच सोयीचं. पण तारीख महिनाभरही लांबवू नये, आणि थांबवायचं तर डॉक्टरांनी पुढे बिस्फॉस्फोनेट देऊनच. ताई, हा प्रश्न आधीच विचारून घ्या: हे किती वर्षं, आणि नंतर काय?

दाजीपूर
खाण्याचं थोडं. आमच्या पट्ट्यात नाचणी पिकते, १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, असं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या तक्त्यात आहे. सकाळी नाचणीचं आंबील, दुपारी भाकरी आणि ताक, रात्री दूध, एवढ्यात बरंच जमतं. राहिलेलं गोळीने.

नागाळापार्क
आणि ड जीवनसत्त्व. काचेआड बसून ऊन घेतलं तर उपयोग नाही, लागणारे किरण काचेतून येत नाहीत. साठ हजारची पुडी मात्र मनाने वर्षभर घेऊ नका, जास्त झाली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं.

शाहूपुरीची_लेक
काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. वही घेऊन गेले होते, तुमचे सगळे प्रश्न लिहून. त्यांनी बसून उत्तरं दिली. आम्ही दोघं भावंडं बाहेरगावी असतो, आई बऱ्याचदा एकटी, दर सहा महिन्यांची तारीख कधी तरी चुकेल हे त्यांना पटलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, चांगलं आहे, म्हणून वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक सलाइन ठरलं. पण ड जीवनसत्त्व १४ आलंय, आधी ते आणि कॅल्शियम भरून काढायचं, मगच सलाइन, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरेल असं म्हणाले. एक दाढ हलतेय, तीही आधी काढून जखम भरू द्यायची. भाऊ पूर्ण वेळ गप्प बसून ऐकत होता, येताना स्वतःच न्हाणीसाठी दांडी घेतली.

कुणी हे सलाइन घेतलंय का? आई सुईपेक्षा "नंतर काय होतं" याला घाबरलीय.

परकर_शिवणारी
सासूबाईंना दिलंय. सलाइन वीसेक मिनिटांत झालं. त्या रात्री ताप आला, अंग ठणकलं, दुसऱ्या दिवशी पडून होत्या, तिसऱ्या दिवशी उठून भाजी निवडायला बसल्या. पहिल्या वेळी असं पुष्कळ जणांना होतं, पुढच्या वर्षी काहीच झालं नाही. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्यायला द्या, पॅरासिटामॉल कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि ते दोन दिवस घरात कुणीतरी राहा.